वाकोल्याची किडनी आणि कांजूरचं पाणी

सदतीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारून पोट भरलं : लघवी किती झाली? इतरांच्या घरी संध्याकाळी ऑफिसच्या गप्पा निघतात. आमच्या घरी मी तोंड उघडलं की नवरा म्हणायचा, "जेवण होऊ दे, मग सांग." आणि जेवण झालं की झोपायचा. त्यामुळे नोकरीतलं बरंच काही माझ्याकडे साठून राहिलंय. दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटलं, आता तुमची सुटका नाही. चिवड्याची वाटी तेवढी बाजूला ठेवून वाचा.

मी आधी डायलिसिसची सिस्टर होते. नंतर आमच्या उपनगरातल्या हॉस्पिटलात किडनी ट्रान्सप्लांटची कोऑर्डिनेटर झाले. कोऑर्डिनेटर म्हणजे काय हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्या शेजारणीला सांगायच्या, "आमची शैला किडन्या जुळवते." खरं सांगायचं तर त्यात फारसं चूक नव्हतं. देणारा कोण ते बघायचं, रक्तगट जुळवायचे, नात्याचे पुरावे गोळा करायचे, दोन्ही घरचे रुसवेफुगवे काढायचे आणि एकदा कार्य पार पडलं की जन्मभर दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकायची. फक्त अक्षता नसायच्या.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी ठाऊक नसतात. एक म्हणजे नवी किडनी बसवताना जुन्या काढत नाहीत. नवी पुढे ओटीपोटात बसते आणि कामाला लागते, जुन्या मागे नुसत्या हजेरीपुरत्या. दुसरी गोष्ट महत्त्वाची. शरीर ही नवी किडनी कधीच आपली मानत नाही. मी पेशंटना सांगायचे, तुमच्या अंगात एक वॉचमन आहे, फार कडक. अनोळखी कोणी दिसलं की गेटबाहेर काढतो. नवी किडनी म्हणजे पाहुणी. तिला तो हाकलू नये म्हणून सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गोळ्या देऊन त्याला पेंगत ठेवायचं. फार झोपला तर चोर शिरणार, नीट जागा झाला तर पाहुणी बाहेर. हे पेंगवणं जन्मभर. आमचे पेशंट फोनवर तसंच बोलायचे. "मॅडम, रिपोर्ट आला. वॉचमन जास्त झोपलाय म्हणतात."

आता मिलिंद कांबळेची गोष्ट सांगते, कारण तिच्यात माझी नोकरी सगळी येते आणि माझी एक चूकही.

मिलिंद मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला. राहायला कांजूरमार्गला. मूळ घर लातूरकडचं, बौद्ध. ब्लडप्रेशर कधी मोजलं नाही, त्याने गुपचूप दोन्ही किडन्या खाल्ल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तो आमच्याकडे डायलिसिसला यायचा, शेजारी त्याची बायको ज्योती डबा घेऊन बसलेली. ज्योतीचा रक्तगट जुळेना, त्याची आई हयात नाही, भावाला साखर. सगळे दरवाजे बंद झाल्यावर एके दिवशी माझ्या टेबलासमोर एक साठीची, काटकुळी बाई येऊन उभी राहिली. हातात स्टीलची बाटली, डोक्यात अबोलीचा वळेसर.

"मी ज्योतीची आवस. वाकोल्यासून इलंय. माजी किडनी काडून बघा, लागता काय ती."

मी कुडाळची, त्यामुळे मालवणी ऐकली की माझं काम सोपं होतं असा माझा समज होता. इंदुमती परबांनी तो लवकरच दूर केला. ज्योतीने मिलिंदशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा ही बाई लग्नाला आली नव्हती. जातीबाहेर गेली म्हणून नऊ वर्षं लेकीशी जेमतेम बोलणं, जावयाशी तर अजिबात नाही. लग्नाला न आलेली सासू ऑपरेशनला आली, हे मी नोकरीत एकदाच पाहिलं.

सासू कायद्याने जवळच्या नात्यात बसत नाही. त्यामुळे परवानगीसाठी कमिटीपुढे जावं लागतं. कमिटीला एकच बघायचं असतं, देणारा आपल्या मर्जीने देतोय की कोणी गळ्यात मारतंय. व्हिडिओ चालू असतो. मी आदल्या दिवशी इंदुआईंकडून तयारी करून घेतली होती : थोडक्यात बोला, गोड बोला, रागावू नका. तिन्ही गोष्टी त्या दारातच ठेवून आत गेल्या.

कमिटीच्या साहेबांनी विचारलं, "आजी, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"माज्यावर?" त्यांनी ज्योतीकडे असं पाहिलं की ज्योतीने मान खाली घातली. "ह्यो कांबळे माजा चेडू घेऊन गेलो तेव्हा माका कोणी इचारूक नाय. आता एवडीशी किडनी देतंय तर धा जण इचारतत!"

"पण जावयाला का द्यावीशी वाटली?"

"ह्या कांबळ्याक मी देणंय नाय. माज्या चेडवाक, ज्योतीक देतंय. हेनी फक्त ती सांभाळूची."

कमिटीतल्या मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. मिलिंद शांतपणे म्हणाला, "सांभाळीन." परवानगी मिळाली. साहेब मला मागाहून म्हणाले की इतक्या वर्षांत इतकी स्वखुशी त्यांनी पाहिली नव्हती.

ऑपरेशन झकास झालं. किडनी टेबलावरच चालू झाली. आमच्याकडे तो क्षण असा असतो की सर्जनसकट सगळे त्या नळीकडे बघत उभे असतात आणि पहिला थेंब आला की पोर झाल्यासारखे हसतात. इंदुआईंनी शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न केला, "चालू झाली?" तिथून पुढे दर आठवड्याला फोन. "गो बाय, माजी किडनी बरी आसा मां? तो कांबळे पाणी नीट पिता काय?" जावयाची चौकशी त्यांनी कधी केली नाही. किडनीची मात्र माहेरवाशिणीसारखी करायच्या.

आता त्या बाटलीबद्दल. इंदुआई लेकीकडे कांजूरला यायला लागल्या, महिन्यातून एकदा, दोन तास. दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. गावचे तांदूळ आणायच्या, कुळथाचं पीठ आणायच्या. पण त्या घरातला घास नाही की घोट नाही. पाणी वाकोल्याहून, स्टीलच्या बाटलीतून. मला हे मिलिंदनेच ओपीडीत सांगितलं, हसत हसत.

"मॅडम, मम्मी माझ्या घरचं पाणी पीत नाहीत. पण त्यांची किडनी माझ्या घरचं तीन लिटर पिते ना रोज! तिला कोण सांगणार?"

मीही हसले. आणि विषय बदलला. माणसाला शी कशी झाली, लघवीचा रंग कसा, नवराबायकोचे संबंध कसे, हे सगळं मी भर ओपीडीत बेधडक विचारत असे. पण इंदुआईंना, माझ्याच मुलखातल्या, माझ्याच भाषेतल्या बाईला, "तुम्ही तिथे पाणी का पीत नाही?" हे मी कधी विचारलं नाही. कारण मला उत्तर ठाऊक होतं, आणि आमच्या घरातल्या जुन्या माणसांनीही तेच दिलं असतं. त्याची लाज मला आज वाटते. तेव्हा फक्त अडचण वाटायची.

देण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा हात सढळ. एका गणपतीत मिलिंदचा रिपोर्ट आला, आणि वॉचमन झोपलेला नाही, थेट बेशुद्ध! गोळीचं रक्तातलं प्रमाण भलतंच चढलेलं. गोळ्यांनी आधीच त्याचे हात थरथरायचे, म्हणून शेटने त्याला लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. आता तर त्याला सही करता येईना. मी उलटतपासणी सुरू केली. गोळी दोनदा घेतली? नाही. दुसरं औषध? नाही. नवीन काय खाल्लंस?

"काही नाही मॅडम. पपनस."

"किती?"

"मम्मींनी गावाहून पाच पाठवलेत. रोज अर्धं."

पपनसाने ही गोळी रक्तात साठून राहते. फळांची यादी देताना मी संत्री, मोसंबी, डाळिंब सगळ्याविषयी बोलले होते. पण गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, माटवीला, टांगायच्या फळाचं नाव मीच, कुडाळकरीण, विसरले होते. वाकोल्याला फोन लावला. इंदुआई भडकल्या. "गावचा फळ आसा ता! माज्या किडनीक तेची सवय आसा!" त्यावर कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. चार दिवस गोळी कमी करून आम्ही निस्तरलं. त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिलं नाव पपनसाचं.

मग कोरोना आला आणि सगळं जग आमच्या पेशंटसारखं वागायला लागलं. मास्क, हात धुणं, गर्दी टाळणं, बाहेरचं न खाणं. आमची मंडळी हे वर्षानुवर्षं करत होती आणि लोक त्यांना हसत होते. मिलिंद तर बिल्डिंगमध्ये गुरुजी झाला. जिन्यात उभा राहून ओरडायचा, "नाक आत घे रे! नाक काय हवा खायला बाहेर काढलंयस?" घाटकोपरचा एक पेशंट रोजच्या पेपरला इस्त्री करून वाचायचा. दुसऱ्या एकीने नवऱ्याला सात दिवस बाल्कनीत ठेवला. मी विचारलं, त्याला ताप आहे का? म्हणाली, "नाही, पण तो भाजी आणायला गेला होता."

ओपीडी बंद. मी मुलुंडच्या घरच्या गॅलरीत उभी राहून दिवसभर फोन करायचे. आणि इथे आमची खरी गंमत झाली. अख्खा देश प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे लागलेला. गुळवेल, अश्वगंधा, हळद, काढे, चाटणं. आणि माझे पेशंट म्हणजे पृथ्वीवरची एकमेव माणसं, ज्यांनी ती वाढवायची नव्हती! मी गॅलरीतून बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "प्रतिकारशक्ती अजिबात वाढवू नका! काढा बेसिनमध्ये ओता! वॉचमनला उठवू नका!" तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी मास्क सावरत दारात आले. "मॅडम, आपला वॉचमन ड्यूटीवर झोपतो हे तुम्हाला माहीत होतं, तर कमिटीला का नाही कळवलं?" आमचा खरा वॉचमन यादव बिचारा निर्दोष, हा खुलासा मी करतेय तोवर सेक्रेटरींच्या वरच्या मजल्यावरच्या मेहुण्याने दारातून काढ्याची बाटली पुढे केली. मी ती कुंडीत ओतली. मोगरा मेला.

पहिली लाट आमच्या मिलिंदला शिवून गेली नाही. इंदुआई वाकोल्यात अडकलेल्या, लेक कांजूरला, मध्ये सगळं बंद. त्यांचे फोन आता दिवसाआड. "तो कांबळे घराभायर पडता काय? तेका सांग, माजी किडनी घेऊन खय भटकू नको."

वर्ष गेलं. थोडं मोकळं झालं आणि मग आकडे पुन्हा चढायला लागले. तेवढ्यात किडनीचा वाढदिवस आला. हा आमच्याकडचा सण. ऑपरेशनच्या तारखेला पेशंट केक कापतात, काहीजण देणाऱ्याला साडी घेतात. ज्योती दरवर्षी रव्याचा केक करायची. तिसरा वाढदिवस होता. इंदुआईंचा मला फोन आला. नेहमीचा तोरा नव्हता.

"बाय गो, वायच बगून येव काय? वर्ष झाला. दारातच उबी रवतंय."

नाही म्हणायला हवं होतं. दिवसभर मी शंभर जणांना नाहीच म्हणत होते. पण त्या आवाजाला मी विरघळले. म्हटलं, "दहा मिनिटं. मास्क लावून. खिडकी उघडी ठेवा." ही माझी चूक. मी ती कागदावर कुठे नोंदवली नाही, म्हणून इथे लिहितेय.

दहा मिनिटांसाठी आलेल्या इंदुआई दोन तास बसल्या. घसा जरा खवखवत होता, तो त्यांनी पंख्याच्या नावावर टाकला. मास्क पक्का बांधलेला. फक्त घसा कोरडा पडला की मास्क खाली करून आपल्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. बाटली संपेपर्यंत. तीन वर्षं त्यांनी त्या घराशी पाण्याची देवाणघेवाण होऊ दिली नव्हती. त्या दिवशी त्यांच्याकडून जे जायचं ते हवेतून गेलं.

दोन दिवसांनी त्यांना ताप. पाचव्या दिवशी मिलिंदचा फोन आला. "मॅडम, वाट लागली."

आमच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर पुरुषांचा कोविड वॉर्ड, चौथ्यावर बायकांचा. बेड मिळवताना मी ज्यांच्या पाया पडले त्यांची यादी मोठी आहे. सासू वर, जावई खाली. ज्योती निगेटिव्ह, घरी एकटी, फोन कानाला लावून. इंदुआईंची एकच किडनी उरलेली, पण त्यांची तब्येत दणकट. मिलिंदचा ऑक्सिजन मात्र उतरायला लागला.

मी कोऑर्डिनेटर, मला वॉर्डात जायची सक्ती नव्हती. पण सिस्टर कमी पडत होत्या आणि जुनं काम हाताला होतंच. पीपीई किटचा तो पांढरा झगा चढवून मी दोन मजल्यांमध्ये फिरायला लागले. दाखल करताना पेशंटचं सामान बाहेर ठेवायचा नियम होता. इंदुआईंची बाटली मीच काढून पिशवीत बांधली. वॉर्डातली मावशी त्यांना पाणी द्यायची. मावशीचं आडनाव विचारायला त्यांच्या अंगात त्राण नव्हतं, आणि मावशीला वेळ नव्हता.

किडनीच्या पेशंटचा एक तक्ता असतो. आत किती गेलं, बाहेर किती आलं. तोंडावाटे पाणी इतके मिली, सलाईन इतकं, लघवी इतकी. मी वर गेले की इंदुआई ऑक्सिजनच्या मास्कमधून बोट वर करायच्या. मी आकडा सांगायचे. आणि त्या दम घेत घेत अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी दवंडी द्यायच्या, "कांबळ्यान आज दीड लीटर केल्यान!"

पलीकडच्या बेडवरच्या भांडुपच्या बाईने विचारलं, "कांबळे कोण?"

"माजी किडनी आसा तेच्याकडे."

दुसऱ्या दिवसापासून सगळा वॉर्ड वाट बघायला लागला. मी दारातून आत पाऊल टाकलं की पंधरा बायका मान वर करून विचारायच्या, "सिस्टर, कांबळेंची किती झाली?" सोळाशे म्हटलं की टाळ्या पडायच्या. त्या दिवसांत त्या वॉर्डात टाळ्या वाजवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हेही खरं. मी खाली जाऊन मिलिंदला सांगितलं. तो हसला आणि त्या हसण्याने त्याला एवढा खोकला आला की सिस्टर मला ओरडली.

कोरोना झालेल्या आमच्या पेशंटची पंचाईत अशी की चोर घरात शिरलाय आणि वॉचमनला आपणच पेंगवलंय. म्हणून पहिल्याच दिवशी आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी, सरांनी, एक गोळी बंद केली. वॉचमन थोडा हलला. पुरला नाही. सातव्या दिवशी ऑक्सिजन आणखी खाली आला. सर मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "मुख्य गोळीही थांबवतो. नुसत्या स्टेरॉईडवर ठेवतो. किडनी नाकारली जाऊ शकते. पण किडनी गेली तर आपल्याकडे डायलिसिस आहे. फुप्फुसं गेली तर माझ्याकडे काही नाही."

मिलिंदला सांगायला मीच गेले. त्याने मास्क किंचित उचलला. एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मम्मींना विचारा आधी."

"अरे, त्यांना विचारायची गरज नाही. कायद्याने ती आता तुझी आहे."

"मॅडम. मी सांभाळीन म्हटलं होतं."

मी जिने चढले. लिफ्ट होती, पण मला तेवढा वेळ हवा होता. वर पंधरा माना उचलल्या गेल्या. मी कोणाकडे न बघता इंदुआईंच्या बेडशी गेले आणि त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. मी त्यांच्या स्फोटाची तयारी ठेवली होती. त्यांनी नुसता ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"गोळी बंद केलास तर काय जातला?"

"किडनी जाऊ शकते."

"आणि नाय केलास तर?"

मी उगीच त्यांच्या सलाईनची नळी सारखी केली. या प्रश्नाचं उत्तर देणं, सदतीस वर्षांत मला सगळ्यात वाईट जमलेलं काम हेच.

"मगे इचारतंस काय?" त्यांनी माझं मनगट धरलं. "किडनीय मीच दिलंय, ह्या दुखणाय मीच दिलंय. किडनी जाऊंदे गो. किडनी काय, माज्याकडे आजून एक आसा. जावय दुसरो खयसून आणू?"

कांबळे नाही. जावय. त्या झग्यात रडण्यासारखी वाईट गोष्ट नाही. डोळे पुसता येत नाहीत, समोरची काच धुरकटते आणि पुढचं दिसत नाही. मी वळले ती थेट सलाईनच्या स्टँडवर आपटले. भांडुपची बाई घाबरून म्हणाली, "सिस्टर, कांबळेंची आज झालीच नाही का?"

गोळी बंद केली. पुढचे नऊ दिवस मी तो तक्ता हातात धरून जगले. तेराशे. नऊशे. सहाशे. मी वर खोटं सांगितलं नाही, पण टाळ्या थांबल्या होत्या. इंदुआई आता आकडा विचारायच्या नाहीत, विचारायच्या, "श्वास कसो आसा?" अकराव्या दिवशी ऑक्सिजन वर चढला. बाराव्या दिवशी टिकला. सरांनी गोळी चिमटीएवढी पुन्हा सुरू केली. सहाशेचे आठशे झाले, आठशेचे अकराशे. किडनी रुसली, थोडी अधू झाली, पण माहेरी निघून गेली नाही. ज्या दिवशी दीड लिटर झाली त्या दिवशी इंदुआईंना घरी जायची परवानगी मिळाली होती. त्या स्वतःच वॉर्डभर सांगत फिरल्या आणि मग गेल्या.

अशा सगळ्यांचा शेवट गोड झाला नाही. माझ्या फोनमधले काही नंबर मी अजून पुसलेले नाहीत आणि लावतही नाही. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही, मला जमणार नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. कपाट आवरताना खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली स्टीलची बाटली सापडली. मीच ठेवली होती आणि विसरले होते. दोन दिवसांनी किडनीचा चौथा वाढदिवस होता, ज्योतीचं आमंत्रण होतंच. म्हटलं, इंदुआई येतील, त्यांची वस्तू त्यांना देऊन टाकू. बाटली सॅनिटायझरने तीनदा पुसली आणि कांजूरला गेले.

इंदुआई दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्याजवळ पाणी नव्हतं, बहुधा नवी बाटली घरी राहिली असावी. मी कौतुकाने पिशवी पुढे केली. "ही घ्या तुमची अमानत."

बाटली दिसली. ज्योती सुरी घेऊन केकपाशी तशीच उभी राहिली. मिलिंद खिडकीबाहेर बघायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय आणलंय. जी गोष्ट विचारायची मला चार वर्षं हिंमत झाली नव्हती, ती मी स्वतःच्या हाताने पुसून, चकाकवून या घरात परत घेऊन आले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

इंदुआईंनी बाटली उलटसुलट पाहिली. झाकण उघडलं. आत नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"शी! सॅनिटायझरचो वास मारता हेका."

झाकण लावून त्यांनी बाटली खुर्चीखाली सरकवली. मग पदर सारखा केला, घसा खाकरला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "जावयानू, वायच पाणी देशात?"

ज्योती पुढे झाली. मिलिंदने तिला हाताने थांबवलं. तो स्वतः स्वयंपाकघरात गेला. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. गोळ्यांनी त्याचे हात थरथरतात ते आहेतच, त्यात त्या दिवशी जास्तच. ग्लास घेऊन येताना चार थेंब लादीवर सांडले. इंदुआईंनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला आणि एका दमात संपवला. "आजून," म्हणाल्या. दुसराही संपवला. ज्योतीने केक कापायच्या ऐवजी सुरी खाली ठेवली आणि डोळ्यांना ओढणी लावली. मग केक कापला, इंदुआईंनी दोन तुकडे खाल्ले आणि रवा जाड राहिल्याची तक्रार केली.

अर्ध्या तासाने त्या लेकीच्या कानाशी लागून हळूच म्हणाल्या, "बाथरूम खय आसा गो?" चार वर्षांत त्यांना ते विचारायची वेळच आली नव्हती.

त्या आत गेल्या. मिलिंद दाराबाहेरून मोठ्याने म्हणाला, "मम्मी, किती झाली ते मोजून सांगा हं! मॅडम बसल्यात!"

आतून आवाज आला, "मेल्या, गप रव!"

आणि मी, पेन नाही, कागद नाही, नोकरीही नाही, तरी जुन्या सवयीने मनातल्या मनात तक्ता भरला : इंदुमती परब. पाणी, तोंडावाटे, दोन ग्लास. चारशे मिली.